कोंबडं झाकलं तरी...

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:
अॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. मार्च २०२५मध्ये अंडी डझनाला सहा डॉलरच्या वर गेली, तेव्हा त्यांनी बफ ऑर्पिंग्टन जातीची सहा पिलं आणली. दुकानदाराने 'सगळ्या माद्या' असं सांगितलं होतं. जुलैत एक मेली. ऑगस्टमध्ये दुसरी आरवायला लागली, म्हणजे तो कोंबडा निघाला. जूनमध्ये सांगोल्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं 'सरपंच'. त्यांचं म्हणणं, कोंबड्याशिवाय खुराडं कसलं, आणि तो गेला तर कोंबड्या अंडी देणार नाहीत. दोन महिने गप्प असलेल्या शेजाऱ्याने ऑक्टोबरात तक्रार केली आणि वसाहतीच्या घरमालक संघटनेची, म्हणजे एचओएची, नोटीस आली: तीस दिवसांत कोंबडा हलवा. नवरा म्हणतो, रविवारी रस्सा करू. नऊ वर्षांची लेक हे ऐकून रडली. मैत्रिणीने आरवणं दाबणाऱ्या गळपट्ट्याची लिंक पाठवली आहे. ताई विचारतात: कोंबड्या पाळण्याबद्दलच्या राज्याच्या नव्या कायद्यावर बोट ठेवून भांडावं का? गळपट्टा बांधावा, की रात्री अंधाऱ्या पेटीत ठेवावं? की सरळ 'फुकट देणे आहे' अशी जाहिरात टाकून मोकळं व्हावं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं सरपंचावर, उरलेलं जवळजवळ सगळं शेजाऱ्यावर आणि मेलेल्या कोंबडीवर एक ओळ: 'जुलैत दुपारी तीनच्या सुमारास एक तलंग (तरुण कोंबडी) पंख पसरून, चोच उघडी टाकून पडलेली दिसली, बहुतेक काहीतरी रोग असावा.' मला विचाराल तर तुमच्या परसातला मोठा प्रश्न त्या एका ओळीत आहे. सरपंचाचं आपण बघूच, पण आधी तिचं.

ती उन्हाने गेली असणार. कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच ४१-४२ अंश सेल्सियस असतं. तिला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे तुरा आहे, चोचीखाली लोंबणारे लाल मांसल लोलक आहेत, पंख अंगापासून सुटे धरणं आहे आणि शेवटचा उपाय म्हणजे तोंड उघडून धापा टाकणं. तुमच्याकडे जुलैत पारा बऱ्याचदा ४३च्या वर जातो, म्हणजे बाहेरची हवाच तिच्या अंगापेक्षा गरम. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या खाली आलं नाही आणि त्यातल्या सलग १६ रात्री ९०च्या खाली उतरल्या नाहीत. माणसाला एसी असतो. कोंबडीला रात्रीचा गारवा हाच काय तो एसी, आणि तोही तिथे मिळत नाही.

त्यात तुम्ही आणलीत ऑर्पिंग्टन. दिसायला गुबगुबीत, स्वभावाने गरीब, मुलांच्या मांडीवर बसणारी. मला मोह कळतो. पण ही जात इंग्लंडातल्या केंटमध्ये, ऑर्पिंग्टन गावी १८८६च्या सुमारास तयार झाली, तिथल्या थंडीतही अंडी द्यावीत म्हणून. तिच्या अंगावर रजई आहे. वाळवंटात हलक्या अंगाच्या, मोठ्या तुऱ्याच्या जाती टिकतात: लेगहॉर्न, मिनॉर्का, इजिप्तची फयूमी. पुढच्या वेळी त्या घ्या. आत्ता आहेत त्या चौघींना आणि सरपंचाला पुढचा जून पार करायचा असेल, तर तयारीला फेब्रुवारीतच लागा.

माझी एक चूक सांगते. अॅरिझोनातल्याच टूसॉन शहरातल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी दुपारी एक वाजता बाहेर गेले, पाण्याचं भांडं रिकामं दिसलं, अंगणात पडलेला पाइप उचलला, भांडं काठोकाठ भरलं आणि मोठ्या समाधानाने आत आले. संध्याकाळी दोन कोंबड्या मेलेल्या. भांडं अजून भरलेलं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, हे मला माहीत होतं. रोज झाडांना घालताना मी ते आधी बाजूला सोडून द्यायचे. कोंबड्यांच्या वेळी डोक्यातच आलं नाही. त्यांनी चोच बुडवली असेल आणि मागे सरल्या असतील.

तर पाणी सावलीत, दोन-तीन ठिकाणी, आणि दुपारी एकदा त्यात बर्फ. दाणा पहाटे, कारण पचनाने अंगात उष्णता वाढते. खुराड्याच्या पश्चिमेला आडोसा हवाच, चारचं ऊन बाराच्या उन्हापेक्षा वाईट. मेस्किटचं झाड असेल तर जगातलं सगळ्यात चांगलं छप्पर तुमच्याकडे आहे. त्याच्याखालची जमीन सकाळ-संध्याकाळ ओली करा, कोंबड्या ती उकरून पोट टेकून बसतात. पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या सावलीत ठेवल्या की त्यांना टेकून बसायलाही शिकतात. वाळ्याच्या कूलरसारखे तिथले कूलर कोरड्या जूनमध्ये झकास चालतात. जुलैत मान्सूनचा दमटपणा आला की तोच कूलर नुसता आवाज करतो. तेव्हा ११५ फॅरनहाइटचा इशारा आला, तर सरळ उचलून कपडे धुण्याच्या खोलीत आणा. लाज वाटून घेऊ नका, तिथले जुने लोकही तेच करतात. उन्हाळ्यात अंड्यांची कवचं पातळ झाली तर घाबरू नका. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचाला लागणारा माल कमी पडतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

आता सरपंच.

आपल्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये एक गोष्ट दाखवून दिली, ती ऐकून सांगोल्यात कुणी चकित होणार नाही: कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं आहे हे कोंबड्यालाही कळतं. मंद, न बदलणाऱ्या उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा रोज ठरावीक वेळेला आरवत राहिले, कारण घड्याळ त्यांच्या शरीरातच असतं. त्यामुळे अंधाऱ्या पेटीने फार तर आवाज जरा दबेल आणि थोडा उशीर होईल. आरवणं जाणार नाही.

पण इंटरनेटवरचे हे उपाय लिहिणारे बहुतेक थंड हवेच्या गावचे असतात. ओरेगनमध्ये रात्री कोंबड्याला बंद पेटीत ठेवलं तर तो रागावतो. फिनिक्समध्ये जुलैच्या रात्री ठेवलं तर तो भाजतो. गळपट्ट्याचंही तेच. तो पट्टा गळ्यातून एका झटक्यात जाणारी हवा अडवतो, म्हणून आरवणं घोगरं होतं. ज्या पक्ष्याला गार व्हायला धापा टाकण्यावाचून मार्ग नाही, त्याचाच गळा आवळायचा, तेही ४३ अंशांत! आत्ता नोव्हेंबरात उन्हाचा प्रश्न नाही, हे खरं. पण मेमध्ये पट्टा काढावा लागेल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहायला बसाल. कुणी नसबंदी सुचवली असेल तर तीही सोडा. कोंबड्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्याला लागून असतात. ते कुत्र्या-मांजराइतकं सोपं काम नाही.

शेजाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, 'दोन महिने काही बोलला नाही आणि अचानक तक्रार, म्हणजे कुणीतरी त्याला भरीला घातलं. आम्ही भारतीय म्हणून असेल.' असं घडतच नाही असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं इथे काढल्यावर तसं म्हणवत नाही. पण एक साधी गोष्ट तपासा. ऑगस्टमध्ये तुमच्या गल्लीतली एकतरी खिडकी उघडी होती का? फिनिक्समध्ये मेपासून घरं डबाबंद असतात, एसी रात्रंदिवस घरघरतो. ऑक्टोबरात पहाटे गारवा येतो आणि लोक वर्षातून पहिल्यांदा खिडक्या उघड्या टाकून झोपतात. त्या माणसाने सरपंचाचा आवाज बहुधा ऑक्टोबरातच पहिल्यांदा नीट ऐकला, पहाटे पावणेचारला, उशाशी. त्याची नाराजी कोंबड्यावर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. एकदा जाऊन बोला. अंडी वगैरे नेऊ नका, ती लाच वाटते. तारीख घेऊन जा: 'अमुक दिवसापर्यंत कोंबडा जाईल.'

कारण तो जाणारच आहे. कायद्याचा मुद्दा मी आता दोन शब्दांत मिटवते. मे २०२४मध्ये राज्यपाल केटी हॉब्ज यांनी सही केलेला कायदा असा आहे: अर्ध्या एकरापर्यंतच्या जागेतल्या एका कुटुंबाच्या घराला सहापर्यंत कोंबड्या ठेवायला शहराने पूर्ण बंदी घालू नये. पण नर ठेवायला बंदी घालण्याची मोकळीक त्याच कायद्याने शहरांना दिली आहे. खुराडं मागच्या किंवा बाजूच्या अंगणात असावं, शेजाऱ्याच्या हद्दीपासून निदान वीस फूट लांब असावं, अशा अटीही शहरं घालू शकतात. तुमचं किती लांब आहे, टेप लावून मोजा. दुसरं म्हणजे हा कायदा शहरांचे हात बांधतो, एचओएचे नाही. घर घेताना तुम्ही जी जाडजूड नियमावली न वाचता सही केलीत (सगळेच करतात), ती आज रात्री काढून वाचा. बऱ्याच वसाहतींत 'कोंबड्या-बदकं पाळू नयेत' असं सरसकट कलम असतं आणि कुणी बोललं नाही तोवर समिती डोळेझाक करते. तुम्हाला नोटीस फक्त कोंबड्याची आली आहे. सरपंचासाठी भांडायला जाल आणि कोंबड्याही घालवून बसाल.

अंड्यांची काळजी मात्र अजिबात नको. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते. ती फक्त उबत नाहीत, एवढंच. सासूबाईंचंही सगळंच चुकत नाही. गावाकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून पिलं काढायची असतात, तिथे कोंबडा लागतोच. घार आली की ओरडून सगळ्यांना झुडपाखाली पळवतो तोही तोच. तुमच्याकडे घारीच्या जागी हॅरिस ससाणा आहे, रात्री घुबड आहे, भिंतीवरून उडी मारणारा, कोल्ह्यासारखा कोयोटी आहे. सरपंच गेला की हे काम जाळीला करावं लागेल. कोंबड्यांची म्हणून विकतात ती षटकोनी, पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला बरी, कोयोटी बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंची चौकोनाची वेल्ड केलेली जाळी घ्या, वरूनही. तळाशी जाळी पुरायला जाल तर फूटभर खाली कुदळ खणकन वाजेल. तो कॅलिची, तिथला सिमेंटसारखा चुनखडीचा थर. त्याच्याशी कुस्ती खेळू नका. दोन फूट जाळी जमिनीवर आडवी पसरून वर दगड ठेवा, उकरणारं जनावर तिथेच अडतं. आणि माती खणाल तेव्हा आधी ओली करा. त्या धुळीतल्या बुरशीने व्हॅली फीव्हर होतो, ते दुखणं महिनोन् महिने पुरतं.

राहता राहिला प्रश्न, सरपंचाला धाडायचं कुठे.

'फुकट देणे आहे' ही जाहिरात तुम्हाला सगळ्यात दयाळू वाटते, मला ती सगळ्यात कठोर वाटते. फुकटचा कोंबडा न्यायला कोण येतो, हे तुम्हाला कळत नाही. अॅरिझोनात कोंबड्यांच्या झुंजींवर १९९८ साली लोकांनी मतदान करून बंदी घातली. बंदी आहे म्हणजे झुंजी नाहीत असं नव्हे. आणि जो झुंजीसाठी नेत नाही तो बहुधा खायलाच नेतो. त्यात गैर काही नाही, पण तुम्ही लेकीला सांगणार, 'तो एका छान शेतावर गेला.' द्यायचाच असेल तर वीस डॉलर किंमत लावा, घ्यायला येणाऱ्याला कोंबड्या किती, जागा किती, याआधीच्या कोंबड्याचं काय झालं हे विचारा आणि शक्य तर स्वतः नेऊन सोडा. शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या मोकळ्या जागेत राहणाऱ्या, आठ-दहा कोंबड्या असलेल्या घरी एक शांत ऑर्पिंग्टन कोंबडा खपू शकतो. दाणा विकणाऱ्या दुकानातल्या माणसाला विचारा, त्याला अशी घरं ठाऊक असतात. प्राण्यांच्या आश्रमांवर फार भिस्त ठेवू नका. तुमच्यासारखीच घरं मार्चमध्ये पिलं घेतात आणि ऑक्टोबरात तिथे फोन लावतात.

तुमच्या नवऱ्याचा रस्साही मी सूचनांच्या यादीतून काढणार नाही. तुम्ही घरात चिकन खाता, हे तुम्हीच लिहिलंय. हॅचरीत पिलं फुटतात तेव्हा नर आणि मादी निम्मे निम्मे असतात. अंड्यांच्या जातीचे बहुतेक नर पहिल्याच दिवशी मारले जातात. तुमच्या चारही कोंबड्यांचे भाऊ असेच गेले असण्याची शक्यता मोठी आहे. सरपंच चुकून माद्यांच्या खोक्यात पडला म्हणून आठ महिने जगला, उन्हाळा काढला, सांगोल्याच्या बाईच्या हातचे दाणे खाल्ले. जिवंत कोंबडी कापून देणारी दुकानं तुमच्या शहरात आहेत. घरी करायचं असेल तर आधी नियम बघा, आणि लेकीला अंधारात ठेवू नका. मात्र लेकीच्या वयाला हे झेपणार नाही असं तुम्हाला आई म्हणून वाटत असेल, तर तो निर्णय माझा नाही. आणि हो, आठ महिन्यांचा कोंबडा चार शिट्ट्यांत शिजेल अशी आशा नवऱ्याने ठेवू नये.

हे सगळं सासूबाईंना कसं सांगायचं, या काळजीने तुम्ही अर्धं पान भरलंय. त्यांना विचारलंत का? सरपंच गेला तर त्या खचतील, असं तुम्ही धरून चालला आहात. सांगोल्याच्या बाईने आयुष्यात किती कोंबडे डालग्याखाली झाकले असतील, किती बाजारी नेले असतील, किती जत्रेला आणि किती जावयाला कापले असतील! गावात जादा कोंबड्याचा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उत्तर पंचांगात लिहिलेलं असतं. तुमच्या घरात कोंबड्याचा शेवट कसा होतो हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस तेवढं एकच आहे, आणि त्यांनाच तुम्ही या चर्चेतून बाहेर ठेवलंय. डिसेंबरात त्या परत जातील. त्याआधी त्यांच्यासमोर नोटीस ठेवा, वाचून दाखवा आणि म्हणा, 'आई, तुम्ही सांगा.' दिवसभर बंद घरांच्या गल्लीत त्यांना तो आवाज आपला वाटत असणार, ते वेगळं. त्यासाठी कोंबडा ठेवता येत नसेल तर त्यांना रोज संध्याकाळी माणसांत कुठे नेता येईल, ते बघा.

पुढच्या वसंतात पुन्हा पिलं घेणार असाल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. हॅचरीतली नर-मादी निवड साधारण ९० टक्के बरोबर निघते. ऐकायला छान. पण सहा पिलांत निदान एक कोंबडा निघण्याची शक्यता त्या हिशेबाने जवळजवळ निम्मी होते. दुकानदार खोटं बोलला नव्हता. खात्री हवी तर जन्मतः रंगावरून नर-मादी कळतात अशी संकरित पिलं घ्या, नाहीतर चार-पाच महिन्यांच्या तलंगा घ्या, महाग पडल्या तरी. बाहेरून आणलेला पक्षी तीस दिवस वेगळा ठेवा आणि खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवा. २०२४च्या नोव्हेंबरात तुमच्या शेजारच्या पिनाल काउंटीत एका घरगुती कळपात बर्ड फ्लू निघाला होता. हाच नियम सरपंचाला नेणाऱ्यालाही सांगा.

एचओएला आजच दोन ओळींचं पत्र टाका: नोटीस मिळाली, कोंबडा अमुक तारखेला जाईल. कोंबड्यांचा उल्लेखही करू नका. तो गेल्यावर चौघी दोन-चार दिवस एकमेकींना टोचतील, नवा मान ठरेल आणि शांत होतील. क्वचित असं होतं, की कोंबडा गेल्यावर त्यातली सगळ्यात दांडगी कोंबडी स्वतःच आरवायला लागते. तसं झालं तर शेजाऱ्याकडे जायच्या आधी मला लिहा.